परिसर ते पर्यावरण : खारेपाटातील माध्यमिक विद्यार्थी आणि पर्यावरणविषयक शब्दसंपदेचे अध्यापन

१

प्राथमिक शाळेत ज्या विषयाला ‘परिसर अभ्यास’ असे म्हटले जाते, त्याच विषयाला विद्यार्थी माध्यमिक शाळेत पोहोचेपर्यंत ‘पर्यावरण’ हे नाव प्राप्त झालेले असते. वरवर पाहता हा केवळ नामांतराचा भाग आहे. परंतु या दोन शब्दांची घडण आणि त्यांचा वावर पाहिला, तर मधल्या काही इयत्तांत विद्यार्थी भाषेच्या एका घरातून दुसऱ्या घरात गेला आहे, असे लक्षात येते. ‘परिसर’ हा शब्द रूळलेला आहे; देवळाचा परिसर, शाळेचा परिसर असे आपण सहज बोलतो. ‘पर्यावरण’ हा मात्र ‘परि’ आणि ‘आवरण’ यांच्या संधीतून घडलेला शब्द. तो वृत्तपत्रातून, शासकीय परिपत्रकातून आणि पाठ्यपुस्तकातून आला. त्याच्यामागोमाग जैवविविधता, परिसंस्था, अधिवास, शाश्वत विकास, पुनर्भरण, लवणता, ऱ्हास अशी शब्दांची मोठी रांग येते. चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ही रांग दोन वर्षांत आत्मसात करावी, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा काही अकस्मात निर्माण झालेली नाही. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात अनिवार्य करावा, असे निर्देश दिले. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. त्यानंतर माध्यमिक स्तरावर हा विषय सर्वत्र शिकवला जाऊ लागला. विषय आला, पुस्तके आली, परिभाषा आली. मात्र ही परिभाषा ‘भाषा’ म्हणून कोणी शिकवायची, हा प्रश्न तसाच राहिला. विज्ञानाचा शिक्षक तिला संकल्पना समजून व्याख्या सांगतो. मराठीचा शिक्षक ती आपली नव्हे असे मानून ‘प्रदूषण : एक समस्या’ या विषयावर निबंध लिहून घेतो. तो निबंध तुकोबांच्या एका ठराविक अभंगावाचून पुरा होत नाही, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन्ही विषयांच्या मधल्या रिकाम्या जागेत शब्द पडून राहतो.

या रिकाम्या जागेचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट भूभागाच्या आधाराने केला आहे. पेण तालुक्यातील हमरापूर आणि त्याभोवतालचा खारेपाट हा तो भूभाग होय. पर्यावरणाच्या परिभाषेतील अनेक संकल्पनांना येथील बोलीत आधीच शब्द आहेत, आणि येथील घराघरांच्या चरितार्थाशी त्या परिभाषेचा आज प्रत्यक्ष संबंध आलेला आहे, ही ही निवड करण्यामागील कारणे आहेत.

२

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे स्थानक म्हणजे हमरापूर. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत जाणारी खारजमीन, आणि मधून मुंबई–गोवा महामार्ग. हमरापूर व शेजारचे जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वदूर परिचित आहेत. येथून न रंगवलेल्या, म्हणजे येथील भाषेत ‘कच्च्या’, मूर्ती मोठ्या प्रमाणावर बाहेरगावी जातात. वस्ती प्रामुख्याने आगरी समाजाची. डोंगराच्या कडेने कातकऱ्यांच्या वाड्या. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक सातव्या खंडात आगरी आणि कातकरी या दोन्ही बोलींची दखल घेतलेली आहे.

‘आगरी’ या नावातच परिसर आहे. आगर म्हणजे मिठागर. समुद्राचे पाणी अडवून मीठ पिकवणे आणि तेच पाणी बाहेर ठेवून भात पिकवणे या दोन परस्परविरोधी कामांवर या प्रदेशाचा संसार उभा राहिला. साहजिकच पाणी, चिखल, क्षार आणि बांध यांच्यासंबंधीची शब्दसंपदा येथे विलक्षण सूक्ष्म आहे. खाडीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली जमीन ती ‘खार’; भरतीचे पाणी ज्या सखल भागात येते-जाते ते ‘खाजण’. पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीचे पाणी आत येऊ न देणारी बांधातील दारे म्हणजे ‘उघाडी’. बांध फुटून पडलेले भगदाड म्हणजे ‘खांड’. अशा प्रकारे मिळवलेल्या जमिनीच्या एका जुन्या धारापद्धतीचे नाव ‘शिलोत्री’; कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये हा शब्द येतो. मोड आलेले बियाणे थेट चिखलात फेकण्याची रीत ती ‘रहू’. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या जुन्या भातांची नावे ‘काळा रता’ आणि ‘भुरा रता’. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भातांवर केलेल्या कामात या जुन्या वाणांनाही स्थान मिळाले.

यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एक संकल्पना आहे. ‘उघाडी’ हा शब्द ज्या मुलाला कळतो, त्याला एकदिश झडपेचे तत्त्व कळलेले असते. खांड पडल्यावर तीन-चार हंगाम शेत का पिकत नाही, हे जो सांगू शकतो, त्याला मृदेची लवणता म्हणजे काय हे ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की परीक्षेत जे विचारले जाते ते हेच होय.

३

पाठ्यपुस्तकातील परिभाषा आणि येथील बोली यांचा संबंध एकसारखा नाही. अध्यापनाच्या दृष्टीने येथे बारकाईने थांबणे आवश्यक आहे.

काही ठिकाणी परिभाषेने बोलीचाच शब्द स्वीकारला आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती ‘उधाणाची भरती’ आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती ‘भांगाची भरती’, हे भूगोलाच्या पुस्तकातील शब्द कोणत्याही समितीने संस्कृत धातूपासून घडवलेले नाहीत. ते किनाऱ्यावरून उचललेले आहेत. ‘पुळण’ हा शब्दही तसाच. पाठ्यपुस्तक संपूर्ण राज्यासाठी एकच असते. त्यामुळे लातूरच्या विद्यार्थ्याला ‘भांग’ म्हटल्यावर केसांतला भांग किंवा शिवरात्रीची भांग आठवेल. त्याच्यासाठी तो शब्द ‘लवणता’ या शब्दाइतकाच परका आहे. खारेपाटातील विद्यार्थ्यासाठी तो घरचा आहे. गंमत अशी की, पुस्तकात छापलेला असल्यामुळे पुष्कळदा तोही त्याला पुस्तकी समजतो आणि आजोबा ज्याला भांग म्हणतात ते हेच, हा दुवा त्याच्या मनात जुळत नाही. हा दुवा जुळवून देणे हे शिक्षकाचे पहिले काम. त्यासाठी कोकणात रूढ असलेला एक आडाखा उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास. गणेशचतुर्थी आणि अनंत चतुर्दशी या दोन तिथींवर ज्या गावाचे वर्ष उभे आहे, तेथील मुलांना या गणिताचे वेगळे प्रयोजन सांगावे लागत नाही. चंद्रकला, भरतीचा विलंब, उधाण, भांग हे सारे शब्द या एका आडाख्यातून परस्परांशी बांधले जातात.

दुसऱ्या काही ठिकाणी शब्द तोच राहिला, पण अर्थ सरकला. ‘खाजण’ हे याचे ठळक उदाहरण. भूगोलाच्या परिभाषेत वाळूच्या दांड्यामुळे समुद्रापासून अलग झालेल्या उथळ जलाशयाला, म्हणजे लगूनला, खाजण म्हणतात. खारेपाटात खाजण म्हणजे भरतीचे पाणी खेळते ती दलदलीची, तिवरांनी व्यापलेली जमीन. तेथे वाळूचा दांडा नाही आणि अलग झालेले सरोवरही नाही. ‘खाजण म्हणजे काय?’ या प्रश्नाला पेणच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवाने उत्तर दिले, तर ते चुकीचे ठरते. पुस्तकाप्रमाणे दिले, तर घरी हसे होते. अशा वेळी शिक्षक बहुधा पुस्तकाची बाजू घेतो आणि विषय मिटवतो. वस्तुतः पारिभाषिक शब्द म्हणजे काय, हे शिकवण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. परिभाषा शब्दाला एका शास्त्रापुरता, एका ठरावाने, एकच अर्थ देते. बोली त्याला स्थळानुसार अर्थ देते. दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि ‘भूगोलाच्या पुस्तकात’ व ‘आपल्याकडे’ अशी सरळ शीर्षके द्यावीत. दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) प्रांतवाचक खुणा करून हेच केले होते. दहावीच्या विद्यार्थ्याला कोशरचनेचे हे तत्त्व समजण्यास काहीच हरकत नाही.

तिसरा प्रकार शुद्ध घडवलेल्या शब्दांचा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि त्याच्या परिभाषा कोशांनी मराठीला जे दिले, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. ‘परिसंस्था’ या शब्दाला बोलीत प्रतिशब्द नाही, आणि तो शोधण्याचा अट्टाहासही करू नये. बोलीविषयीच्या प्रेमापोटी काही अभ्यासक असे सुचवतात की, घडवलेले शब्द टाकून द्यावेत आणि लोकांचे शब्द घ्यावेत. हा उपाय भाबडा आहे. खाजणात निवटी आहे, चिंबोरी आहे, जिताडा आहे, तिवर आहे, गाळ आहे आणि भरती आहे. पण या सर्वांचे परस्परावलंबन एका शब्दात सांगण्याची गरज बोलीला पडली नव्हती. ती गरज शास्त्राला पडली. तेव्हा ‘परिसंस्था’ हा शब्द शिकवायचाच आहे. फक्त तो तळ्यातील बेडूक आणि करकोच्याच्या छापील आकृतीवरून न शिकवता निवटी आणि तिवरावरून शिकवायचा आहे.

वनस्पतींच्या बाबतीत शासनव्यवहारानेही बोलीकडे वळण्याची काही चिन्हे दाखवली आहेत. २०१२ साली वनविभागात स्थापन झालेल्या स्वतंत्र कक्षाचे नाव ‘कांदळवन कक्ष’ असे आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष घोषित केला, तोही ‘पांढरी चिप्पी’ या लोकनामानेच. खारफुटी, कांदळ, तिवर, चिप्पी या शब्दांत सामान्य नाम कोणते आणि विशिष्ट जातीचे नाव कोणते, ही चर्चा वर्गात अवश्य घडवावी. खारेपाटात पुष्कळदा सरसकट सगळ्यालाच तिवर म्हटले जाते. शास्त्र त्यांत भेद करते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत.

४

शब्दांच्या यादीपलीकडे जाऊन वाक्याकडे पाहिले, तर आणखी एक भेद जाणवतो. परिभाषा नामप्रधान आहे, बोली क्रियापदप्रधान. ‘मृदेची धूप होते’, ‘जैवविविधतेचा ऱ्हास होतो’, ‘जलप्रदूषण होते’ ही पाठ्यपुस्तकी वाक्ये पाहावीत. प्रत्येकात घटना नामात गोठवलेली आहे आणि तिला ‘होणे’ हे एकच निर्गुण क्रियापद जोडलेले आहे. ही कृती कोणी केली, हा प्रश्न या वाक्यांना विचारताच येत नाही. याउलट बोलीत बांध फुटतो, खांड जाते, पाणी चढते, पाणी नासते, जमीन खारते, गाळ बसतो. आणि अशा वाक्याच्या मागेपुढे बहुधा कारण असते : उघाडीची दारे कुजली आणि ती कोणी बदलली नाहीत, म्हणून पाणी आत आले.

शास्त्रीय लेखनाला कर्तृनिरपेक्ष वाक्यरचना लागते, हे मान्यच आहे. पण पौगंडावस्थेतील विद्यार्थ्याने केवळ तीच शिकली, तर पर्यावरणाचे सगळे प्रश्न ‘होतात’, ते कोणी ‘करत’ नाही, अशी त्याची भाषाच त्याला शिकवते. म्हणून रूपांतराचा सराव दोन्ही दिशांनी व्हावा. ‘क्षारयुक्त पाण्याच्या शिरकावामुळे भातशेती नापीक झाली’ हे वाक्य द्यावे आणि घरच्या भाषेत सांगायला लावावे. उलट, घरी ऐकलेले खांड गेल्याचे वर्णन पाठ्यपुस्तकाच्या भाषेत लिहायला लावावे. व्याकरणात प्रयोग शिकवताना ‘राम रावणास मारतो’ हे उदाहरण वर्षानुवर्षे चालते. त्याऐवजी बांध, उघाडी आणि खांड यांची वाक्ये घेतली, तर प्रयोगाचा धडा फुकट जाणार नाही.

उच्चाराचा प्रश्नही येथेच येतो. आगरी बोलीत ‘ड’च्या जागी ‘र’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ ऐकू येतो. झाड ‘झार’ होते, पाणी ‘पानी’ होते, खाडी ‘खारी’ होते आणि गाळ ‘गाल’ होतो. ‘खारीत गाल साचला’ हे वाक्य ऐकून परगावचा शिक्षक हसेल, मात्र बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांनाही त्यात तिळमात्र संदिग्धता नसते. संदर्भ अर्थ ठरवतो, हा अर्थविचाराचा पहिला पाठ आहे. लेखनात ‘खाडी’ आणि ‘गाळ’ असे लिहिले जावे, हा आग्रह योग्यच आहे. मात्र तो धरताना उच्चार हा दोष नसून एका नियमाने चालणारा ध्वनिबदल आहे, हे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घेता येते. पाच-सहा शब्दांच्या जोड्या मांडल्या की नववीचा विद्यार्थी नियम स्वतः सांगतो. एकदा हसे झालेला विद्यार्थी आपल्याजवळचे शब्द पुन्हा वर्गात आणत नाही.

५

हमरापूर–जोहे परिसरात पर्यावरणाच्या परिभाषेचा सर्वांत नाजूक प्रदेश खाडी नसून मूर्तीचा कारखाना आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींच्या विसर्जनाबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १२ मे २०२० रोजी त्या सुधारून अधिक कठोर केल्या. पुढे हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास आणि विकण्यास मुभा दिली, पण त्या नैसर्गिक जलाशयांत विसर्जित करण्यावरील निर्बंध कायम ठेवला. या साऱ्या काळात ‘पर्यावरणपूरक’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘जलप्रदूषण’, ‘कृत्रिम तलाव’ हे शब्द येथील घरांत धड्यातून नव्हे, तर बाजारभावातून आणि बंदीच्या बातमीतून शिरले. ज्या घरात साचा, काथ्या आणि प्लास्टरची पोती आहेत, त्या घरातील मुलीला ‘जलप्रदूषणाची कारणे लिहा’ हा प्रश्न सोडवताना स्वतःच्या वडिलांचा धंदा क्रमांक तीनवर लिहावा लागतो. शिक्षकाने याची जाणीव न ठेवता धडा शिकवला, तर विद्यार्थी दोनपैकी एक करतो : परिभाषेवरचा विश्वास सोडतो किंवा घराबद्दल लाजतो.

मार्ग आहे तो शब्दाच्या अचूकतेतून. शाडूची मूर्ती ‘विरघळते’ आणि म्हणून ती ‘जैवविघटनशील’ आहे, असे सर्रास छापले जाते. ही दोन्ही विधाने शास्त्रीयदृष्ट्या सैल आहेत. मीठ पाण्यात विरघळते. शाडू विरघळत नाही. ती भिजते, सुटते, तिचे सूक्ष्म कण पाण्यात पसरतात आणि कालांतराने तळाशी बसतात. जैवविघटन म्हणजे सूक्ष्मजीवांनी पदार्थाचे घटक वेगळे करणे. त्यासाठी मराठीत ‘कुजणे’ हा साधा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. निर्माल्य कुजते, काथ्या कुजतो, शाडू कुजत नाही, कारण ती मुळातच खनिज आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून जिप्सम बनते. ते पाण्यात अत्यल्प विरघळते आणि घट्ट झालेली मूर्ती दीर्घकाळ तशीच राहते. रंगांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण रंगातील धातूंची संयुगे विषारी असू शकतात, मग मूर्ती शाडूची असो की प्लास्टरची.

विरघळणे, सुटणे, पसरणे, बसणे, कुजणे : ही पाच क्रियापदे हमरापूरच्या मुलांच्या हातांना ठाऊक आहेत. विद्राव्यता, अपस्करण, अवसादन, जैवविघटन हे शब्द त्यांच्यावर बसवता येतात. असे केल्याने वाद मिटत नाही आणि तो मिटवणे हे भाषेच्या तासाचे कामही नव्हे. मात्र विद्यार्थी घोषणेऐवजी विधान करू लागतो. ‘प्लास्टर वाईट’ या वाक्याऐवजी ‘प्लास्टर पाण्यात सुटत नाही, म्हणून त्याचे विसर्जन वेगळ्या तलावात करावे लागते’ हे वाक्य तो लिहितो. दुसरे वाक्य त्याला घरीही म्हणता येते.

६

या शब्दांचा उपयोग परीक्षेपुरता नाही, याचे उदाहरण याच तालुक्यात घडले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होऊ घातलेल्या भूसंपादनावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत जनमत घेण्यात आले. हीच गावे का, याचे उत्तर एका पारिभाषिक शब्दात होते : ती हेटवणे धरणाच्या ‘लाभक्षेत्रा’त येत होती. लाभक्षेत्र आणि पाणलोट क्षेत्र हे दोन शब्द भूगोलाच्या विद्यार्थ्यांकडून नेहमी उलटसुलट होतात. धरणात पाणी जेथून येते ते पाणलोट, धरणाचे पाणी जेथे जाते ते लाभक्षेत्र. हा भेद कागदावर एका ओळीचा आहे. त्या वर्षी तो हजारो शेतकऱ्यांच्या जमिनीचा होता.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना (१९९१, २०११ आणि २०१९) पाहिल्या, तर हाच अनुभव पुन्हा येतो. या सर्व नियमांची मोजणी ज्या रेषेपासून सुरू होते, ती ‘भरतीरेषा’ म्हणजे उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जेथपर्यंत पोहोचते ती रेषा. म्हणजेच ‘उधाण’ हा येथील लहान मुलांनाही ठाऊक असलेला शब्द कायद्याच्या व्याख्येचा गाभा आहे. उधाण कोठवर येते हे सांगू शकणारा माणूस नकाशावरील रेषा योग्य आहे की नाही, हेही सांगू शकतो. पण दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असावे लागते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पाविषयी जनसुनावणी घेताना अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. असा गोषवारा मराठीत असतो, परंतु तो कोणत्या मराठीत असतो, हे ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत आहे. आज दहावीत असलेला विद्यार्थी चार-पाच वर्षांत अशा सुनावणीला बसण्याइतका मोठा होणार आहे.

७

या प्रश्नाची तुलना आयर्लंडमधील आयरिश भाषेच्या शिक्षणाशी करून पाहण्यासारखी आहे. तेथे आयरिश ही राज्यघटनेनुसार पहिली राजभाषा आहे. १९२० च्या दशकापासून ती शाळांत शिकवली जाते. तरी बहुसंख्य किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी ती घरची नव्हे, शाळेची भाषा आहे. १९६८ पासून तेथे परिभाषा समिती कार्यरत आहे आणि २००६ पासून तिचा शब्दसंग्रह संगणकाच्या जाळ्यावर सर्वांसाठी खुला आहे. जैवविविधतेसाठी आयरिशमध्ये ‘जीवन’ आणि ‘विविधता’ या अर्थाचे दोन शब्द जोडून केलेला सामासिक शब्द आहे. आपल्या ‘जैवविविधते’ची घडण अगदी तीच. मात्र तेथील विद्यार्थी या नव्या शब्दाकडून जुन्या शब्दांकडे प्रवास करतो. मानखान मॅगन या लेखकाचे २०२० साली निघालेले एक पुस्तक शेतासाठी असलेल्या बत्तीस आयरिश शब्दांचे नाव मिरवते, आणि त्याला जो वाचकवर्ग लाभला तो हे शब्द गमावल्यानंतरचा आहे.

खारेपाटात परिस्थिती उलटी आहे. शेत, खाचर, वरकस, खार, खाजण, शिलोत्री, मळा असे भेद अजून बोलले जातात; फक्त ते बोलणारे आजी-आजोबा आहेत. खाऱ्या जमिनी ओस पडत गेल्या, काहींवर बांधकामे आली, मुले कंपन्यांत किंवा कारखान्यांत कामाला लागली. रहू पेरणे थांबले की ‘रहू’ हा शब्द किती काळ टिकेल? आयर्लंडला जे शब्द ग्रंथांतून शोधावे लागतात, ते येथे मराठीच्या तासाला विद्यार्थ्याच्या घरून मागवता येतात. एका वर्गाने एका वर्षात अशा शब्दांची वही केली, त्यात प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गावात ऐकला, कोणत्या वाक्यात ऐकला आणि पुस्तकातील कोणत्या संज्ञेशी जुळतो हे नोंदवले, तर ती वही महाविद्यालयीन अभ्यासकालाही उपयोगी पडेल. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या कामात शाळांना हात द्यावा. बोलीचा प्रबंध लिहिणारा संशोधक अखेर त्याच घरांत जाऊन प्रश्नावली भरून घेत असतो.

८

कातकरी विद्यार्थ्यांचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागेल. आगरी विद्यार्थ्याच्या बाबतीत बोली आणि प्रमाणभाषा यांतील अंतर कापायचे असते. कातकरी विद्यार्थ्यासाठी प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा आहे. कातकरी किंवा काथोडी हे नाव खैराच्या काथावरून आले. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदलेल्या तीन समाजांपैकी हा एक. वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबांमुळे या मुलांचे शाळेचे वर्ष सलग राहत नाही. परिभाषा ही एकावर एक रचत जाणारी गोष्ट असल्यामुळे मधले महिने बुडाले की इमारतच उभी राहत नाही. रानातील कंद, पाखरे, खेकडे आणि झाडपाला यांविषयीचे त्यांचे ज्ञान वर्गातील इतर कोणाहीपेक्षा अधिक असते, पण त्यांची नावे वर्गात उच्चारली जात नाहीत, कारण शिक्षकाला ती येत नाहीत. वर उल्लेखिलेल्या वहीत एक स्तंभ कातकरी शब्दासाठी राखावा आणि तो भरण्याचे काम त्या मुलांकडेच सोपवावे. वर्गातील उरलेल्यांनी तो शब्द शिकावा. आजवर शिकण्याची सक्ती एकाच बाजूला होती.

राहता राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. मंडळाच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने ‘खारबंदिस्ती फुटल्यास काय परिणाम होतात?’ या प्रश्नाला ‘बांधाला खांड गेली की खारे पाणी आत येते, जमीन खारते आणि दोन-तीन वर्षे भात येत नाही, यालाच मृदेची लवणता वाढणे म्हणतात’ असे उत्तर लिहिले, तर परीक्षकाने किती गुण द्यावेत? विदर्भातील किंवा मराठवाड्यातील परीक्षकाला ‘खांड’ हा शब्द कळणार नाही, ही अडचण खरी आहे. परंतु विद्यार्थ्याने स्वतःच दुसऱ्या अर्ध्या वाक्यात संज्ञा दिलेली आहे. आदर्श उत्तरसूचीत ‘बोलीतील शब्दासह संज्ञा दिल्यास पूर्ण गुण’ अशी एक ओळ घातली, तर पेणच्या, मालवणच्या किंवा मेळघाटच्या विद्यार्थ्याला आपला शब्द खोडून टाकावा लागणार नाही. ती ओळ घालण्याचा अधिकार अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांकडे आणि शिक्षकांकडे आहे.